पेठेबाहेरचा पास

डिसेंबर लागला की आमच्या गावात माणसं दुपारची आजारी पडायला लागतात. सकाळी धडधाकट असलेला कारकून जेवणाच्या सुट्टीनंतर पोट धरून घरी जातो. रिक्षावाल्याची रिक्षा नेमकी चार वाजता बंद पडते. आणि एरवी शाळा न बुडवणारी पोरं आजीला दवाखान्यात न्यायचंय म्हणून तोंड बारीक करून उभी राहतात. मी पेठ वडगावला हायस्कूलवर मराठी शिकवते, रोज एसटीनं जाऊन-येऊन. परवा एकाला विचारलं, "काय रे, तुझी आजी गेल्या सीझनला वारली होती ना?" तर म्हणतो, "ती आईकडची, बाई. ही बापाकडची." सोडून दिलं. फुटबॉलचा सीझन आहे, कोण कुणाला अडवणार?

तर सीझन आला. येताना आपलं सगळं बिऱ्हाड घेऊन येतो तो. उसाच्या ट्रॅक्टरमागं रखडलेली एसटी, गुऱ्हाळांचा धूर, पंचगंगेच्या पुलावर नाकात शिरणारी गोडसर, जराशी करपट हवा. गावात शिरलं की चौकाचौकात खेळाडूंचे बोर्ड, त्यात खेळाडू बारका आणि शुभेच्छा देणारे मोठे. गल्लीत दोरीवर वाळणाऱ्या जर्सी. भडंगाच्या गाड्यावरचा तळलेल्या लसणाचा वास. आणि साडेचारच्या सुमाराला स्टेडियमवरून उठणारी ती गर्जना. आमचं घर स्टेडियमपासून चार पावलांवर. गोल झाला की आधी आवाज येतो, मग वडावरचे कावळे उडतात, मग कुठंतरी एखादा फटाका वाजतो. मी लहान होते तेव्हा घरात बसून नुसत्या आवाजावरून आबा सांगायचे, गोल आपला झाला की त्यांचा. कधी चुकले नाहीत.

आबा म्हणजे माझे वडील. ऐंशी उलटली त्यांची. कमरेचं हाड मोडल्यापासून खाटेवरच असतात. आता तो आवाज आला की ते एवढंच म्हणतात, "सुमे, खिडकी लाव." मी लावते. खोली कोंदते, औषधांचा वास दाटतो, पण उघड म्हणत नाहीत. हा तोच माणूस, जो स्वतःच्या साखरपुड्याला मॅच संपल्यावर आला होता, तोही तोंडाला गुलाल फासून. आईच्या माहेरच्यांना वाटलं, पावणं आधीच पिऊन आलं. आई ही गोष्ट मरेपर्यंत सांगायची आणि दर वेळी नव्यानं चिडायची.

त्या माणसाला आता तो आवाज सोसत नाही. का, ते सांगूनच टाकते, उगाच ताणून धरण्यात अर्थ नाही. आपल्या एका ओरडण्यानं पोराच्या आयुष्याची माती झाली, असं त्यांना वाटतं. वीस-बावीस वर्षं वाटतंय. सीझन आला की मलाही तेवढंच आठवतं. त्या सीझनमध्ये दुसरंही बरंच काही झालं असेल. मला नोकरी नव्हती, आईचा दमा बळावला होता, माझ्यासाठी एक स्थळ येऊन गेलं होतं. त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही.

बाहेरगावच्या पावण्यांना आमचा फुटबॉल कळत नाही. ते विचारतात, तुमचा क्लब कुठला? क्लब नव्हे हो, तालीम. तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा. आत मारुती, बाहेर कट्टा, आणि कट्ट्यावर जन्मभर बसलेली माणसं. कधीतरी कुणीतरी त्या आखाड्यात बॉल आणला आणि तेव्हापासून प्रत्येक पेठेच्या तालमीचा आपला संघ झाला. ज्या पेठेत जन्मला त्या पेठेसाठी पोरानं खेळायचं. आमच्यात म्हणतात, पोरगी दुसऱ्या पेठेत देता येते, खेळाडू देता येत नाही. आणि प्रत्येक पेठेची एक हाडवैरी पेठ असते. आमच्या समोरच्या पेठेचं नाव मी इथं घेत नाही. घेतलं तर तिथं दिलेली माझी चुलतबहीण दिवाळीचा फराळ पाठवायचं बंद करेल.

आबा मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते. गुळाचा हंगाम आणि फुटबॉलचा हंगाम एकच. संध्याकाळी ते दारात आले की घरभर ताज्या गुळाचा वास सुटायचा आणि पायातल्या चपला चिकट लागायच्या. आई ओरडायची, "आदी पाय धुवा, मुंग्या लागतील घराला!" तरुणपणी ते तालमीचे हाफबॅक होते. माझा धाकटा भाऊ रणजित, म्हणजे रंजू, नीट चालायला लागायच्या आधी बॉल ढकलायला लागला, तोही डाव्या पायानं. आबांनी ते बघितलं आणि त्या दिवशी आईच्या हातचं चिकन न जेवता आधी तालमीत जाऊन नारळ फोडून आले. डाव्या पायाचा पोरगा झाला होता घरात. मला मात्र त्यांनी कधी बॉलला पाय लावू दिला नाही. गटारातला बॉल काढून आणायचं काम तेवढं माझ्याकडं होतं.

सकाळी सकाळी पेठेच्या मैदानावर ते पोरांना शिकवायचे. लाल माती, थंडीनं सुन्न झालेले पाय, पोरांच्या तोंडातून निघणारी वाफ, आणि आबांचा घसा. "पेठंचा बॉल पेठंतच फिराय पायजे! डोस्क्यात बसलं का?" पोरं एका सुरात म्हणायची, "व्हय!" हे वाक्य मी शाळेतल्या प्रतिज्ञेपेक्षा जास्त वेळा ऐकलंय. मे महिन्यात समोरच्या पेठेतला आमचा मावसभाऊ राहायला यायचा. गल्लीत दोन बाजू पाडल्या की तो आमच्याच बाजूला असायचा, तरी त्याला कुणी पास देत नसे. बिचारा दुपारभर पळायचा. घरी जाऊन आईला म्हणाला होता, फुटबॉल म्हणजे पळायचा खेळ असतो. आम्ही हसून हसून लोळलो होतो. आबा तर डोळे पुसत होते. तेव्हा त्यात हसण्यापलीकडं काही दिसलं नाही, हेही खरंच.

रंजू कॉलेजात गेला आणि पंचाईत झाली. तेव्हा सीझनची सुरुवात कॉलेजच्या स्पर्धेनं व्हायची, तालमींचे सामने त्यानंतर. कॉलेजचा फुटबॉल म्हणजे लग्नाआधीचं केळवण. खरं काही नाही, पण सगळे नटूनथटून येतात. तालमीची जुनी माणसं आपापली पोरं कितपत तयार झालीत ते बघायला यायची. आता कॉलेज काही पेठ बघून प्रवेश देत नाही. रंजूच्या संघात मधला फॉरवर्ड होता अमोल. समोरच्या पेठेतला. त्यांच्या तालमीच्या अध्यक्षाचा पुतण्या, म्हणजे अगदी गाभाऱ्यातलाच.

आणि गंमत अशी की दोघांचं मेतकूट. एका बाकावर बसायचे, एका सायकलवरून रंकाळ्यावर जायचे, मिसळीच्या दुकानात एका प्लेटीत कट मागून मागून दुकानदाराला वैताग आणायचे. अमोल आमच्याकडं जेवायला यायचा. आई नाही म्हणेपर्यंत भाकरी वाढायची आणि आबा त्याच्या ताटात स्वतःच्या वाटीतलं मटण घालायचे. "खा रं अमल्या. तुमच्याकडं पांढरा रस्सा करतात का नुसतं दूध पितासा?" अमोलही कमी नव्हता. "आबा, तुमचा तांबडा बघून आमच्या पेठंत माणसं रंगपंचमी खेळतात." हसून हसून ठसका. जेवणात भेदभाव नव्हता. बॉलमध्ये होता.

मैदानात ते एकमेकांकडं बघायचेसुद्धा नाहीत. रंजूनं डावीकडून तिघांना चकवून बॉल आणावा, समोर अमोल मोकळा उभा असावा, आणि रंजूनं माघारी वळून आपल्या हाफबॅकला द्यावा. अमोलचंही तेच. कॉलेजचे जिमखान्याचे सर होते गडहिंग्लजचे, बोलण्यात कानडी हेल. तिथंही फुटबॉल आहे, तरी आमच्या पेठांची भानगड त्यांच्या पचनी पडत नव्हती. शिट्टी गळ्यात आपटत ते धावत यायचे. "अरे ए, तुम्ही दोघं एका डब्यात जेवता की नाही?"

"जेवतो की, सर."

"मग बॉल द्यायला काय होतंय रे तुम्हाला?"

दोघं खाली मान घालून हसायचे. लहान पोरं हसतात तसं, लाजून. सर कपाळाला हात लावायचे. एवढं करूनही संघ फायनलला पोचला, कारण दोघंही एकेकटे भारी होते. देवानं पाय देताना हात आखडला नव्हता, बाकी सगळं आम्हीच दिलं.

फायनलच्या आदल्या आठवड्यात सर आमच्या घरी आले. चहाला नाही म्हणाले, खुर्चीच्या टोकावर बसले. मी आतल्या दारात उभी होते. म्हणाले, "मुंबईहून एका मोठ्या खात्याच्या संघाची माणसं येणार आहेत फायनल बघायला. त्यांना डाव्या बाजूचा पोरगा पाहिजे. तुमच्या पोराचं नाव मी सांगून ठेवलंय. पण त्यांना बॉल काढून देणारा पाहिजे, काका. देणारा. नुसते मारणारे त्यांच्याकडं ढीगभर आहेत. कायमची नोकरी आहे. खेळायचं आणि पगार घ्यायचा. तुम्ही एवढं पोराला सांगा. माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल."

अडतीवर तेव्हा काम कमी होत चाललं होतं. मी एम.ए. होऊन घरात बसलेली. आई भिंतीला टेकून धापा टाकत बघत होती. कायमची नोकरी म्हणजे आमच्यासाठी काय होतं, ते वेगळं सांगायला नको. आबा म्हणाले, "सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढं आबा स्वतःच ते विसरल्यासारखे वागले. फायनलच्या सकाळी रंजू देवाला नमस्कार करून उठला, तेव्हा आबांनी त्याला दोन्ही खांद्यांना धरलं. "आज तू पेठंचा न्हाईस. कॉलेजचा हाईस. अमल्या दिसला की द्यायचा. मी सांगालोय. कळलं?"

"व्हय," रंजू म्हणाला.

आईनं हातावर दही-साखर ठेवली. अंगणात कोवळं ऊन होतं आणि शेजारच्यांच्या रेडिओवर कसलंतरी भक्तिगीत लागलं होतं. त्या सकाळी आमच्या घरात जी आशा होती, ती पुन्हा कधी आली नाही. खोटं कशाला बोलू, तशी आशा आल्याचं मला तरी आठवत नाही.

स्टेडियमवर मी आबांशेजारी बसले. बायका तेव्हा फारशा यायच्या नाहीत, पण त्या दिवशी घरचं पोर खेळणार होतं. आजूबाजूला बघितलं. हे कॉलेज इकडं, ते कॉलेज तिकडं, असं कुणी बसलंच नव्हतं. आमची पेठ पूर्वेच्या गॅलरीत आणि त्यांची पेठ पश्चिमेच्या. इकडचे रंजूच्या नावानं ओरडत होते, तिकडचे अमोलच्या. दोघं एकाच संघातून खेळतायत याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. आमच्या पुढच्या पायरीवरच्या एका म्हाताऱ्यानं शेजाऱ्याला विचारलं, "समोरची टीम कुठली म्हणायची?" शेजारी म्हणाला, "हाय की कुठलीतरी."

मुंबईची दोन माणसं मांडवाच्या सावलीत खुर्च्यांवर बसली होती. डोक्याला टोप्या, हातात चहाचे कप. मी सारखी त्यांच्याकडंच बघत होते. मॅच सुरू व्हायच्या आधी तालमीचे एक जुने कारभारी आमच्या मागं येऊन बसले आणि आबांच्या कानाशी वाकले. "काय रं, पोराला तिकडं पास द्याय सांगितलाईस म्हणं?" हसत विचारलं, पण चार-पाच डोकी वळली. बातमी कशी फुटली कुणास ठाऊक. पेठेत भिंतींना कान नसतात, सरळ तोंडच असतं.

"कोण म्हणालं?" आबा म्हणाले. "असलं काय बी न्हाई."

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

मॅच कशी झाली ते आता नीट सांगता येत नाही. उन्हात उडणारी धूळ आठवते, हलगीचा आवाज आठवतो, कुणीतरी माझ्या हातात ठेवलेले खारे शेंगदाणे घामानं ओले झालेले आठवतात. समोरच्या कॉलेजनं एक मारला, आपल्या कॉलेजनं फेडला. रंजू छान खेळत होता. टोपीवाल्यांतला एक जण पुढं वाकून बसला होता. मग शेवट शेवटच्या मिनिटांत रंजूला डावीकडं बॉल मिळाला आणि तो निघाला. एक गेला, दुसरा गेला. कोपऱ्यापाशी पोचला. गोलकीपर त्याच्याकडं झेपावला. आणि मधे, मोकळ्या गोलसमोर, अमोल एकटा. हात वर केलेला. एवढा एकटा, की पोरासोरानं दिला असता तरी गोल झाला असता.

माझ्या शेजारी आबा ताडकन उठले आणि ओरडले, "दिऊ नगं! त्येला दिऊ नगं रं!"

शिंक येते तसा आला तो आवाज. त्यात विचार नव्हता. पन्नास वर्षं त्या गॅलरीत बसलेल्या माणसाचा घसा होता, बाप नव्हता. ओरडून झाल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो. त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. तो हात तसाच ठेवून ते खाली बसले.

रंजूनं दिला नाही. जिथून गोल होणं शक्यच नाही तिथून त्यानं स्वतः मारला. बाहेरून जाळी हलली, क्षणभर वाटलं आत गेला. गेला नव्हता. थोड्याच वेळात शिट्टी झाली. टायब्रेकरवर कॉलेज हरलं. टोपीवाले उठून निघून गेले होते, कधी गेले ते मला दिसलंसुद्धा नाही.

आणि मग जे झालं, ते सांगितलं तर बाहेरच्या माणसाला खरं वाटणार नाही. आमच्या पेठेनं रंजूला खांद्यावर घेतलं. हरला म्हणून नव्हे हो, अमोलला बॉल दिला नाही म्हणून. "पोरगं पेठंचं!" "नाद खुळा!" हलगी, गुलाल, स्टेडियमपासून तालमीपर्यंत. हरलेल्या मॅचची मिरवणूक काढणारं जगात दुसरं गाव नसेल. रंजू खांद्यावर बसून हसत होता. एकोणीस-वीस वर्षांचं पोर, त्याला काय कळणार, लोक उचलतायत म्हणजे काहीतरी चांगलंच केलं असणार. बायका गच्चीवरून बघत होत्या. मला त्या सगळ्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटत होतं. मी चप्पल हातात घेऊन मागं मागं चालत राहिले, कारण पट्टा तुटला होता.

दुसऱ्या दिवशी सर आले. दारातच उभे राहिले. "पाय चांगला आहे म्हणाले. पण मान वर करून बघत नाही म्हणाले." आबा म्हणाले, "माझ्यामुळं झालं." सरांना वाटलं, म्हातारा उगाच जिवाला लावून घेतोय. "छे हो, तुमचा काय दोष," म्हणाले आणि गेले. त्यांना कुठं माहीत होतं.

त्या दिवसापासून आबा स्टेडियमची पायरी चढले नाहीत. तालमीच्या कट्ट्यावर बसणं सोडलं. बोलवायला आलेल्यांना गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. घरात त्या ओरडण्याचा विषय कुणी काढला नाही. आई गेली तीही न काढताच. आमच्याकडं मोठ्यांदा भांडणं होतात, भांडी आपटली जातात, पण जे खरोखर दुखतं त्यावर सगळे मिळून चादर घालतात.

रंजू तालमीकडून तीन-चार सीझन खेळला. मग गुडघा गेला. मग हुपरीची सोयरीक आली आणि तो सासऱ्याच्या चांदीच्या कामात बसला. घरातच पुढच्या खोलीत कारखाना, पैंजणाच्या कड्या जोडायच्या, घुंगरू लावायचे. एकदा गेले होते तेव्हा बराच वेळ त्याच्याकडं बघत बसले. खाली वाकलेली मान, समोर सांधे डाक देऊन जोडायची ज्योत, धुरानं चुरचुरणारे डोळे. कारागीर चांगला आहे म्हणतात. सीझनमध्ये गावाकडं येत नाही. अमोलचंही कुठं काही झालं नाही. तो आता टेम्पो चालवतो. रस्त्यात दिसला की टेम्पो थांबवून विचारतो, "आक्का, आबा कसे हाईत?" मी म्हणते, बरे आहेत. तो मान हलवतो आणि गिअर टाकतो.

लोक म्हणतात काळ बदलतो. कुठं बदलला? स्टेडियमला उंच जाळ्या आल्या, पोलिस वाढले, पोरं मोबाईलवर मॅच दाखवतात. बॉल अजून पेठेतच फिरतो. मुलींचे संघ निघाले तेव्हा मी हरखून गेले होते. वाटलं, ह्या तरी शहाण्या निघतील. हौसेनं बघायला गेले. एकाच शाळेच्या संघात दोन पेठांच्या पोरी होत्या. अर्धा तास बघितलं आणि उठून आले. पोरी छान खेळत होत्या, पायात बळ होतं, डोळ्यांत तेज होतं, फक्त एकमेकींकडं बघत नव्हत्या. ह्याला काय म्हणायचं? माया म्हणायची? असेल मायाच. एवढ्याशा पोराला पोटाशी धरलं आणि इतकं घट्ट धरलं की त्याचा श्वास कोंडला. ह्या गावाइतकं पोरांवर जीव टाकणारं गाव नाही, आणि त्या जिवाचं पुढं काय होतं ते मी रोज खाटेवर बघते. त्यातून सुटायची वाट मला दिसत नाही. शिकवण्यासारखंही काही नाही त्यात. वर्गात सांगायला गेले तर पोरं विचारतील, "बाई, पण तुमची पेठ कुठली?"

ह्या वर्षी आबांचं खाणं तुटलं. डॉक्टर म्हणाले, आता जे मागतील ते द्या. मी रंजूला फोन केला. रविवारी दुपारी तो आला, हुपरीच्या बसनं, हातात केळी आणि पेढ्यांचा पुडा घेऊन. बापाजवळ बसला, पाय चेपले. आबा डोळे मिटून होते. मी त्याला चहाला आत बोलावलं आणि माझा बांध फुटला. म्हणाले, "रंजू, त्यांच्या जिवाला एकच टोचणी आहे. त्या दिवशी ते ओरडले म्हणून तू पास दिला नाहीस. तू एकदा म्हण, जाऊ दे आबा, झालं गेलं. त्यांना सुखानं जाऊ दे."

रंजू कप हातात धरून माझ्याकडं बघायला लागला. "वरडले? कवा वरडले?"

"अरे, तू कोपऱ्यात होतास तेव्हा! दिऊ नगं म्हणून!"

"मी न्हाई ऐकलं." तो खरंच गोंधळला होता. "आक्का, ग्राउंडात काय ऐकू येतंय व्हय? आत नुसता गलका असतोय. मी काय बी ऐकलं न्हाई."

"मग एवढी वर्षं बोलला का नाहीस?"

"कुणी इचारलं?"

खरंच, कुणी विचारलं होतं? पण त्या क्षणी मला राग आला नाही. मला वाटलं, देव पावला. वीस-बावीस वर्षांचं ओझं एका वाक्यात उतरणार. बाप मोकळा होणार. मी रंजूच्या हातातला कप काढून घेतला, दंडाला धरून त्याला बाहेर आणलं आणि खाटेजवळ उभं केलं. "सांग. आत्ता सांग त्यांना."

"आबा," रंजू वाकला आणि त्यांच्या कानाशी मोठ्यांदा बोलला. "ती कॉलेजची फायनल. तुमी वरडलासा ते मला ऐकूच आलं न्हाई. तुमच्यामुळं काय बी झालं न्हाई. अमल्याला मी तसा बी देणारच न्हवतो."

आबांनी डोळे उघडले. रंजू हसत होता, मीही हसत होते. आबा आळीपाळीनं आमच्याकडं बघत राहिले. त्यांचे ओठ हलले, मी पाण्याचा पेला उचलला, पण त्यांना पाणी नको होतं.

"सकाळी सांगितलंतं तुला," ते म्हणाले. "द्यायचा म्हणून."

रंजू सरळ उभा राहिला.

"तरी न्हाई दिलास." आबांनी श्वास घेतला. "म्हंजे मला वरडायची बी गरज न्हवती. इतकं पक्कं शिकवलंतं मी."